‘पूर्ववत’ होणे ही दुरुस्ती नव्हे

२३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजे ‘एम्स’मधील, ई-हॉस्पिटल ही संगणकप्रणाली बंद पडली. बाह्यरुग्ण विभागातील नोंदणी, दाखल रुग्णांचे तपशील, प्रयोगशाळेचे अहवाल, देयके, पुढील तपासणीच्या तारखा हे सारे ज्या सर्व्हरवर चालत होते, त्यांतील माहिती रॅन्समवेअरने कुलूपबंद केली होती. देशातील सर्वांत नामवंत रुग्णालयाचा कारभार एका दिवसात कागद, पेन आणि नोंदवह्यांवर आला. दोन दिवसांनी दिल्ली पोलिसांनी खंडणी आणि सायबर दहशतवादाच्या कलमांखाली गुन्हा नोंदवला. सुमारे दोन आठवड्यांनी बहुतेक कामे पुन्हा संगणकावर होऊ लागली, सेवा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. विषय तेथे संपला असे मानले गेले. खरे पाहता तो तेथून सुरू व्हायला हवा होता.

‘पूर्ववत’ या शब्दाचा अर्थ ‘पूर्वीसारखे’. परंतु पूर्वीसारखी असलेली व्यवस्थाच तर हल्ल्याला बळी पडली होती. ज्या वाटेने हल्लेखोर आत आला, ती वाट पूर्वीही होती. ज्या परवलीच्या शब्दांनी त्याने दारे उघडली, ते शब्द पूर्वीही चालत होते. अशी व्यवस्था जशीच्या तशी परत उभी राहणे म्हणजे पुढच्या हल्ल्याची तयारी पूर्ण होणे. या देशातील रुग्णालये, बँका, महापालिका आणि शासकीय कार्यालये मालवेअरच्या प्रत्येक घटनेनंतर याच एका शब्दाशी येऊन थांबतात. खिडकी उघडली, रांग सरकू लागली, पडद्यावर नेहमीचे चित्र दिसू लागले की काम झाले, अशी समजूत प्रशासनात आणि नागरिकांतही खोलवर रुजली आहे. ही समजूत तंत्रदृष्ट्या चुकीची आहे, आणि तिची किंमत ज्यांचा या निर्णयाशी काही संबंध नसतो अशा लोकांना मोजावी लागते.

चूक नेमकी कोठे आहे हे कळण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम काय करते, हे पाहावे लागते. संगणकातील प्रत्येक प्रोग्रॅम आपली माहिती तिच्याकडूनच मिळवतो. डिस्कवर कोणत्या फायली आहेत, या क्षणी कोणते प्रोग्रॅम चालू आहेत, नेटवर्कवर कोणाशी संपर्क चालला आहे, या प्रश्नांची उत्तरे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडून येतात. अँटिव्हायरस हाही अखेर एक प्रोग्रॅम. तोही याच गाभ्याला विचारून आपला निष्कर्ष काढतो. मालवेअरने एकदा या गाभ्यात प्रवेश मिळवला की तो उत्तरे बदलू शकतो. स्वतःची फाइल यादीतून वगळतो, स्वतःची प्रक्रिया दिसू देत नाही. ‘रूटकिट’ म्हणतात ते हेच. कुंपणच शेत खाऊ लागले, तर शेताची खुशाली कुंपणाला विचारून काय उपयोग? अशा यंत्रावर तपासणी चालवायची आणि पडद्यावर ‘धोका आढळला नाही’ असे वाचून समाधान मानायचे, हे आरोपीच्या साक्षीवर आरोपीला निर्दोष सोडण्यासारखे आहे.

ही शंका नवी नाही. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने केलेले, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले भाषण याच प्रश्नाभोवती फिरते. प्रोग्रॅमला यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरमध्येच चोरवाट लपवली, तर मूळ प्रोग्रॅमचा प्रत्येक शब्द तपासूनही ती सापडणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे २०१८ मध्ये ‘ईसेट’ या सुरक्षा संस्थेने ‘लोजॅक्स’ नावाचा मालवेअर उघडकीस आणला. तो मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्ये बसतो; हार्ड डिस्क बदलली आणि विंडोज नव्याने टाकली, तरी तो टिकून राहतो. असे प्रकार विरळ आहेत आणि प्रत्येक कार्यालयाने त्यांची धास्ती घ्यावी असे नाही. पण त्यांतून निघणारे तत्त्व सर्वत्र लागू पडते. बिघडलेल्या यंत्राची परीक्षा त्या यंत्राच्या बाहेर उभे राहून, विश्वासार्ह अशा दुसऱ्या साधनाने करावी लागते. आणि खात्री देता येत नसेल तर साफसफाईचा नाद सोडून पुनर्बांधणी करावी लागते.

प्रत्यक्षात होते काय? गावोगावच्या कार्यालयांत संगणक अडला की ‘फॉरमॅट मारून द्या’ असा निरोप जातो. तंत्रज्ञ येतो, टेबलावरच्या फायली पेनड्राइव्हवर काढतो, विंडोज टाकतो, अनेकदा तीही क्रॅक केलेली, आणि त्याच फायली परत आत ओततो. त्या फायलींपैकी एखाद्या एक्सेलच्या मॅक्रोतूनच रोग आला असेल, तर तो सन्मानाने घरी परततो. परवलीचे शब्द तेच राहतात. शेजारच्या टेबलावरचा, त्याच नेटवर्कवरचा संगणक कोणी उघडूनही पाहत नाही. शिवाय फॉरमॅट मारताना हल्ला कसा झाला याचा सारा पुरावाही पुसला जातो. यात त्या तंत्रज्ञाला दोष देण्यात अर्थ नाही. संगणक संध्याकाळपर्यंत सुरू व्हावा एवढ्यासाठीच त्याला पैसे मिळतात. कारण शोधण्यासाठी त्याला कोणी बोलावलेलेच नसते.

थोडी जाण असलेली कार्यालये याहून एक पाऊल पुढे जातात. विंडोजमध्ये ‘सिस्टीम फाइल चेकर’ नावाचे साधन आहे. ते यंत्रणेच्या महत्त्वाच्या फायली मूळ प्रतींशी ताडून पाहते आणि बिघडलेल्या फायलींच्या जागी चांगल्या ठेवते. साधन उपयुक्त आहे. मालवेअरने मोडतोड केलेली विंडोज त्याने पुन्हा उभी राहते. परंतु त्याचे काम मोडलेले जोडण्याचे आहे, भर घातलेले शोधण्याचे नाही. हल्लेखोराने ठरावीक वेळी चालणारे एखादे नवे कार्य नोंदवून ठेवले असेल, प्रशासकाचे अधिकार असलेले एखादे जादा खाते उघडले असेल, रजिस्ट्रीत संगणक सुरू होताच चालणारी एखादी ओळ पेरली असेल, तर या साधनाच्या दृष्टीने सारे आलबेल असते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र बॉट काढण्याची साधने मोफत देते. घरगुती वापरकर्त्यासाठी तो उपक्रम स्तुत्यच आहे. पण स्वच्छता वेगळी आणि दुरुस्ती वेगळी. चोरी झालेल्या घरात झाडू मारून घर सुरक्षित होत नसते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. रुग्णालयासमोर हजारो माणसे ताटकळत उभी असताना मुळापर्यंत जाण्याची चैन कोणाला परवडणार? आधी सेवा सुरू करा, चौकशी मागाहून होईल. माणुसकीच्या बाजूने बोलणारा हा युक्तिवाद ऐकायला योग्य वाटतो. पण घाईने सेवा खरोखर लवकर सुरू होते का, याचे उत्तर आयर्लंडने देऊन ठेवले आहे.

आयर्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेवर १४ मे २०२१ रोजी ‘काँटी’ टोळीचे रॅन्समवेअर चालवले गेले. देशभरातील रुग्णालयांचे संगणक बंद करावे लागले. अवघ्या सहा दिवसांत, २० मे रोजी, टोळीने कुलूप उघडण्याची किल्ली स्वतःहून दिली. किल्ली हाती आली म्हणजे प्रश्न सुटला, असे कोणालाही वाटेल. तरीही सर्व सर्व्हर मोकळे करून जवळजवळ सगळी ॲप्लिकेशन पूर्ववत व्हायला २१ सप्टेंबर उजाडला. किल्ली मिळाल्यानंतरही चार महिने लागले, कारण उघडलेली प्रत्येक फाइल आणि प्रत्येक यंत्र विश्वासार्ह आहे का, हे पडताळल्याशिवाय जोडणे धोक्याचे होते. पुढे प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र अहवालाने आणखी एक गोष्ट उघड केली. १८ मार्चलाच एका कर्मचाऱ्याने ईमेलमधून आलेली एक्सेल फाइल उघडली होती. ३१ मार्चला त्याच संगणकावरील अँटिव्हायरसने हल्लेखोरांची दोन नेहमीची साधने ओळखलीही होती. परंतु तो केवळ निरीक्षणाच्या अवस्थेत ठेवलेला असल्यामुळे त्याने काहीच अडवले नाही. चोर आठ आठवडे घरात फिरत होता. या आठ आठवड्यांत घेतलेल्या बॅकअपवर डोळे मिटून विश्वास ठेवणे म्हणजे चोरासकट घर परत आणणे होय.

पुनर्बांधणी अशक्य असते, असाही एक समज आहे. त्याचे उत्तर शोधायला मुंबईपासून फार दूर जावे लागत नाही. जून २०१७ च्या अखेरीस न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम एकाएकी थबकले. मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातील संस्था ते टर्मिनल चालवत होती, आणि युक्रेनमधील एका लेखापालन सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेल्या ‘नॉटपेट्या’ने मेर्स्कचे जगभरातील संगणक निकामी केले होते. नॉटपेट्या खंडणी मागत असे. मात्र पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. मेर्स्कने फायली साफ करत बसण्याऐवजी सारे नव्याने उभारले. कंपनीच्या तत्कालीन अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितल्यानुसार दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० ॲप्लिकेशन नव्याने बसवले गेले. तेही जवळजवळ अशक्य झाले होते. कोणाला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती ठेवत असत, आणि ते सगळे एकदमच गेले. वाचला तो घानातील एकमेव, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती. जगातील एका बलाढ्य कंपनीची संपूर्ण दुरुस्ती आफ्रिकेतल्या एका वीजखंडणावर उभी राहिली. नेटवर्कपासून तुटलेला एक तरी बॅकअप का असावा, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

आता पुन्हा एम्सकडे वळू पाहता काय दिसते? तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले की, ई-हॉस्पिटलची सर्व माहिती बाधित न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून मिळाली आणि ती नव्या सर्व्हरवर बसवण्यात आली. जुनी यंत्रे साफ करून वापरण्याऐवजी नवी घेतली, ही योग्य गोष्ट झाली आणि तिचे श्रेय द्यायला हवे. राज्यसभेतील लेखी उत्तरातून पाच सर्व्हर बाधित झाल्याचे, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाल्याचे आणि नेटवर्कचे विभाजन नीट नसल्यामुळे हा प्रकार घडल्याचे कळले. या शेवटच्या वाक्यावर खरी चर्चा व्हायला हवी होती. नेटवर्कचे विभाजन म्हणजे वाड्यातील खोल्याखोल्यांना दारे असणे. देयकांच्या विभागातील संगणक बिघडला तर प्रयोगशाळेपर्यंत आग पोहोचू नये, यासाठी मध्ये भिंती उभाराव्या लागतात. भिंती नव्हत्या हे कारण असेल, तर माहिती परत मिळणे हा बचाव ठरतो. दुरुस्ती म्हणजे त्या भिंती बांधणे. त्या किती बांधल्या, कशा बांधल्या, देशातील इतर रुग्णालयांत त्या आहेत का, हे सांगणारे कोणतेही उत्तर सेवा सुरू झाल्याच्या घोषणेत नव्हते. आणि तो एक बॅकअप सर्व्हर बाधित झाला नसता तरच हे सारे शक्य होते. तो योजनेने वाचला की योगायोगाने, याचे उत्तर प्रत्येक रुग्णालयाच्या अधीक्षकाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

योग्य क्रम या देशात पाळलाच जात नाही, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. ३१ जुलै २०२४ रोजी सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचे समोर आले. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने त्या कंपनीला देयकांच्या जाळ्यापासून तात्काळ तोडले. सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार खोळंबले. त्रास झाला, ओरड झाली. मात्र बाधित भाग वेगळा काढून, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करवून घेतल्यानंतरच दुसऱ्या दिवशी जोडणी पुन्हा देण्यात आली. आधी तोडा, मग बाहेरच्या नजरेने तपासा, मग जोडा, हा तो क्रम. पैशाच्या व्यवहारांत जी शिस्त पाळता येते, ती रुग्णांच्या बाबतीत पाळता येत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

दुरुस्तीचा शेवटचा टप्पा सर्वांत अवघड आहे, कारण तो तंत्राचा नसून प्रामाणिकपणाचा आहे. काय घडले ते सांगणे. या बाबतीत देशाची सवय नकाराची आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज प्रकल्पात मालवेअर शिरल्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा प्रकल्पाकडून २९ तारखेला ती फेटाळण्यात आली. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले की मालवेअर आढळला होता, आणि सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेने त्याची कल्पना ४ सप्टेंबरलाच दिली होती. बाधित संगणक प्रशासकीय कामाचा होता, अणुभट्टीच्या नियंत्रणाशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे सत्य सांगितले असते तरी घाबरण्यासारखे फारसे काही नव्हते. नकारामुळे मात्र पुढच्या खऱ्या खुलाशावरचाही विश्वास उडाला.

एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना घडल्यास ती सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. नियम चांगला आहे. परंतु माहिती खालून वर जाते, वरून खाली येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये, एम्सवरील हल्ल्याला वर्ष होत असताना, केंद्र सरकारने सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतून वगळले. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप एवढाच अपवाद उरला. सुरक्षेच्या तपशिलांना काही काळ गुप्तता लागते, हे कोणीही समंजस माणूस मान्य करील. न बुजवलेल्या छिद्राचा नकाशा चौकात लावावा, असे कोणी म्हणत नाही. पण छिद्र बुजल्यानंतरही त्याची कथा कपाटात ठेवण्याने कोणाचे रक्षण होते? हल्लेखोराला ती ठाऊकच असते. अज्ञानात राहतो तो जिल्हा रुग्णालयातील संगणक विभागाचा एकटा कर्मचारी, ज्याच्या नेटवर्कलाही त्याच भिंती नाहीत.

ब्रिटिश लायब्ररीचे उदाहरण या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या ग्रंथालयावर रॅन्समवेअरचा मोठा हल्ला झाला आणि सुमारे ६०० जीबी माहिती चोरली गेली. मार्च २०२४ मध्ये ग्रंथालयाने स्वतःच एक अहवाल प्रसिद्ध करून आपल्या उणिवा मांडल्या. त्यातील एक कबुली विशेष बोलकी होती: डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती हाताशी होत्या, पण त्या बसवण्यासाठी चालणारी यंत्रणाच उरली नव्हती. अनेक जुनी सॉफ्टवेअर त्यांच्या निर्मात्यांनी केव्हाच वाऱ्यावर सोडली होती. ती नव्या, सुरक्षित यंत्रांवर चालेनात. म्हणजे पूर्ववत होण्याचा मार्गही बंद होता. हे वाचून जगातील कितीतरी ग्रंथालयांनी आपले जुने सर्व्हर उघडून पाहिले असतील. मान खाली घालावी लागली म्हणून ग्रंथालयाची प्रतिष्ठा गेली नाही. उलट तिच्यात भरच पडली.

जुन्या यंत्रणांचा हा प्रश्न भारतात अधिक तीव्र आहे, कारण येथे खरेदीला निधी असतो आणि देखभालीला नसतो. निविदा निघते, संगणक येतात, फीत कापली जाते. पाच वर्षांनी त्यांच्यावरील ऑपरेटिंग सिस्टीमला निर्मात्याचा आधार उरला आहे का, हे विचारणारे कोणी नसते. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज सेव्हनचा जानेवारी २०२० मध्ये, विंडोज टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आधार संपला म्हणजे यंत्र बंद पडत नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. ते चालत राहते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ने ज्या छिद्राचा फायदा घेतला, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. पुढच्या दोन महिन्यांत ज्यांनी तो बसवला नाही, ते १२ मे रोजी सापडले. इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८१ आरोग्य न्यासांना झळ बसली. आंध्र प्रदेशातील पोलिसांचे काही संगणकही त्यात होते. ब्रिटनच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा निष्कर्ष असा होता की, साधी सुरक्षाशिस्त पाळली असती तरी हे टळले असते. ज्या हल्ल्याचे वर्णन अद्ययावत सायबर युद्ध असे केले जाते, त्याचे मूळ पुष्कळदा एका न केलेल्या अपडेटमध्ये असते.

म्हणून सार्वजनिक सेवेतील संगणकप्रणाली दुरुस्त झाली असे म्हणण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे जाहीरपणे मिळाली पाहिजेत. बाधित यंत्रे साफ केली की अधिकृत, तपासलेल्या मूळ प्रतीपासून नव्याने उभारली? हल्लेखोर पहिल्यांदा कोणत्या दिवशी आत आला, आणि वापरलेला बॅकअप त्या दिवसापूर्वीचा आहे का? सर्व खात्यांचे परवलीचे शब्द बदलले का, अनोळखी खाती शोधली का? ज्या छिद्रातून प्रवेश झाला ते बुजले, याची तपासणी संस्थेबाहेरच्या कोणी केली? रुग्णांची किंवा ग्राहकांची माहिती बाहेर गेली असेल, तर ती ज्यांची आहे त्यांना कळवले का? आणि ठरावीक मुदतीत, समजा सहा महिन्यांत, घटनेचा अहवाल इतर संस्थांना वाचता येईल अशा रूपात प्रसिद्ध झाला का? यांतील एकही मागणी अवास्तव नाही. विमान अपघातानंतर चौकशी होते, अहवाल निघतो आणि त्याच बनावटीची विमाने उडवणाऱ्या साऱ्या कंपन्या तो वाचतात. म्हणून तर विमानप्रवास दशकागणिक अधिक सुरक्षित होत गेला. रुग्णालयांच्या संगणकांसाठी एवढी अपेक्षा ठेवणे अतिरेक कसा ठरेल?

याला खर्च येईल. नेटवर्कपासून अलग ठेवलेला बॅकअप, वर्षातून दोनदा तो प्रत्यक्ष उतरवून पाहण्याची तालीम, अद्ययावत ऑपरेटिंग सिस्टीम, आणि हे सारे सांभाळणारी कायमस्वरूपी, पुरेशा वेतनाची माणसे, यांतील काहीही फुकट मिळत नाही. परंतु खर्च टाळला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या खिशातून वसूल होतो. एम्समधील त्या दोन आठवड्यांत तो वसूल झाला दूरच्या राज्यांतून आलेल्या, नोंदणीच्या खिडकीपुढे दिवसभर उभ्या राहिलेल्या रुग्णांकडून, आणि हाताने नोंदी लिहिणाऱ्या परिचारिकांकडून. नेटवर्कचे विभाजन नीट नव्हते, याच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

पुढच्या वेळी एखादी संस्था सेवा पूर्ववत झाल्याचे जाहीर करील, तेव्हा पत्रकारांनी, लोकप्रतिनिधींनी आणि नागरिकांनी एकच प्रश्न विचारावा: पूर्ववत म्हणजे हल्ल्याच्या आदल्या दिवशी जशी होती तशी का? उत्तर ‘होय’ असेल, तर दुरुस्ती अजून सुरूही झालेली नाही.